भीमा-नीरेच्या मधून : श्री. अविनाश साबळे यांस अनावृत पत्र

श्री. अविनाश साबळे यांस,



आपला माझा परिचय नाही. तरीही हे पत्र खासगी टपालाने न धाडता चार लोकांच्या समक्ष लिहिण्याचे कारण असे की, यातील विनंती केवळ आपणांस केलेली नाही. आपण ती मान्य केलीत तर तिच्या पूर्ततेचा निम्मा भार आम्हा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील लोकांच्या शिरावर येणार आहे, आणि त्याची जामिनकी चारचौघांत दिलेली बरी असते. विनंती आरंभीच सांगून टाकतो. आपले धावणे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी आपण कोणत्याही कचेरीतील खुर्ची न पत्करता प्रशिक्षक व्हावे, आणि त्या कामाचे ठाणे भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या आमच्या टापूत मांडावे.

ज्याचे धावणे अद्याप चालू आहे त्याला निवृत्तीनंतरचा बेत विचारणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. त्यातून जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, पाण्याच्या उडीवर आपण पडलात, गुडघ्याला मोठी इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. अशा वेळी हा विषय काढणाऱ्याला लोक दोष देतील. परंतु हा प्रश्न आपल्या देशात नेहमी फार उशिरा विचारला जातो, धावपटूचे नाव वर्तमानपत्रांतून नाहीसे झाल्यावर विचारला जातो, आणि तोवर त्याने चरितार्थाची अन्य सोय लावून घेतलेली असते. म्हणून तो आपण पुन्हा उभे राहण्याच्या खटपटीत असतानाच विचारावा असे मला वाटले.

आपली कारकीर्द येथील शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. तरी तिच्यातील एक स्थळ मला मुद्दाम दाखवावयाचे आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या कष्टकरी कुटुंबातून निघून, बारावीनंतर महार पलटणीत भरती होऊन, सियाचेनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू यांच्यात चाकरी केलेल्या एका जवानाने २०१५ साली क्रॉसकंट्रीच्या शर्यतीत पाऊल टाकले तेव्हा त्याची विशी उलटून गेली होती, म्हणजे ज्या वयात इतर देशांतील धावपटूंच्या मागे दहा वर्षांचा शिस्तशीर सराव असतो त्या वयात आपला श्रीगणेशा होत होता. पुढे २०१७ साली सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांची नजर आपल्यावर पडली आणि त्यांनी आपणांस स्टीपलचेसकडे वळविले. ती नजर पडली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो. पलटणीच्या ढालींवर आपले नाव कोरले गेले असते, कालांतराने सन्मानाने सेवानिवृत्ती झाली असती, आणि महाराष्ट्राला आपला पत्ताही लागला नसता. पाय आपले होते, श्रम आपले होते. परंतु हे पाय अडथळ्यांवरून जाण्यासाठी आहेत हे ओळखणारा डोळा दुसऱ्या कोणाचा तरी होता.

त्या ओळखीनंतर सुमारे एका वर्षात, २०१८ च्या भुवनेश्वर येथील स्पर्धेत, आपण ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपविली आणि गोपाळ सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रम १९८१ साली टोकियोत झालेला होता. याच १९८१ साली, या शर्यतीचा एके काळचा राष्ट्रीय विजेता आणि आपल्यासारखाच सैनिक असलेला पानसिंग तोमर चंबळच्या खोऱ्यात बागी म्हणून पोलिसांच्या गोळीला बळी पडला, हा योगायोग सहजच आठवला म्हणून नमूद करतो. त्यातून सिद्धांत काढण्याचा मोह मात्र आवरतो. सिद्धांत काढावयाचा तर तो सदतीस वर्षांच्या अंतरातून काढावा. एखादा विक्रम सदतीस वर्षे टिकला म्हणजे आपण विक्रमवीराची थोरवी गातो, आणि ती थोरवी खरीही असते. पण त्या सदतीस वर्षांत जे शिकविले गेले नाही त्याचा हिशेबही त्याच आकड्यात असतो, आणि तो कोणी मागत नाही. आशियाई अजिंक्यपदाच्या बाबतीत तेच. १९८९ साली दिना राम यांनी ते मिळविले, आणि २०२५ साली दक्षिण कोरियातील गुमी येथे आपण. मधली छत्तीस वर्षे कोरडी गेली. एका माणसाच्या अंगी आलेली विद्या दुसऱ्याच्या अंगी उतरण्याची व्यवस्था जेथे नसते, तेथे प्रत्येक गुणी माणसाला पहिल्या पायरीपासून स्वतः चढावे लागते, आणि असे चढणारे एका पिढीत एखाद-दुसरेच निघतात.

कुस्तीत आमच्याकडे असे होत नाही. लंगोट उतरविलेला मल्ल वस्ताद होतो, हौद्याच्या कडेला बसतो, आणि त्याच्या गुडघ्यांनी जबाब दिल्यावरही त्याची जीभ आणि डोळे तालमीच्या कामी येत राहतात. हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बसले. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले. आणि त्या परंपरेत वाढलेल्या, आपल्याच बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१९ साली जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. बिराजदारांच्या डावांची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नसेल, तरी तीन पिढ्यांच्या अंगांत ती शाबूत आहे. धावण्याच्या विद्येला आमच्या मुलखात अशी तालीम नाही आणि असा वस्तादही नाही.

कोणी म्हणेल की धावणे ही काय शिकविण्याची वस्तू आहे. सपाट रस्त्यावरील धावण्यापुरता हा आक्षेप मी क्षणभर मान्य करीन, जरी तोही खरा नाही. परंतु आपल्या शर्यतीविषयी तो उच्चारणाऱ्याने ती एकदा जवळून पाहावी. तीन हजार मीटर अंतरात अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, म्हणजे एकूण पस्तीस वेळा पाय जमिनीवरून उचलावयाचा. अडथळ्यांच्या लहान शर्यतीतील चौकट धक्का लागताच आडवी होते, पण ही तुळई ऐंशी ते शंभर किलो वजनाची, तिला पाय अडकला तर आडवा होतो तो माणूस. पुरुषांसाठी तिची उंची ९१.४ सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ७६.२. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांबीचा, अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. प्रत्येकाला आखून दिलेली स्वतंत्र पट्टी नाही, म्हणून पुढच्याच्या पाठीआडून अडथळा ऐन वेळी डोळ्यांपुढे येतो, आणि मोजून ठेवलेली पावले निरुपयोगी ठरतात. नवशिक्याची हानी उडीत होते असे वाटते, पण ती उडीच्या आधीच होऊन गेलेली असते : तो अडथळा दिसताच शेवटची चार-पाच पावले चोरतो, गती मोडतो, आणि उतरल्यावर ती पुन्हा गोळा करू लागतो. प्रत्येक अडथळ्यामागे अशी तीन दशांश सेकंदाची गळती धरली तरी पस्तीस अडथळ्यांत साडेदहा सेकंद जातात. आणि आपण भुवनेश्वरच्या त्या शर्यतीपासून २०२४ सालच्या पॅरिस येथील ८ मिनिटे ९.९१ सेकंदांच्या विक्रमापर्यंत सहा वर्षांत जे अंतर तोडले ते सुमारे वीस सेकंदांचे आहे. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली केनियाच्या अब्राहम किबिवोत याच्या मागे आपणांस रौप्यपदकावर राहावे लागले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. त्या वेगाने धावणाऱ्या माणसाच्या हिशेबी ते एक फुटाचे अंतर होय. डाव्या पायाने उठावे की उजव्या, तुळईवर टाच टेकावी की चवडा, सहाव्या फेरीत पाण्याने जड झालेल्या बुटांनी कोणत्या क्षणी घाई करावी, हे सारे पुस्तकांत छापलेले आहे; परंतु मुलाचे पाऊल चुकत असताना, ते चुकून होण्याच्या आधी, कडेने ओरडून सांगणारा माणूस पुस्तकातून उठून येत नाही. त्यासाठी स्वतः पडलेला माणूस लागतो. दोहा येथे २०१९ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत इतरांच्या पडझडीत अडकूनही आपण उठून धावलात, दाद मागून अंतिम फेरीत गेलात आणि तेथे नवा राष्ट्रीय विक्रम केलात. हा अनुभव ज्याच्या गाठी आहे त्याने पडण्याविषयी बोललेले मुले ऐकतील.

आता आमच्याकडील स्थिती. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, निमगाव केतकीच्या, भिगवणच्या, सणसरच्या बाजूंच्या रस्त्यांवर पहाटे झुंजूमुंजू झाले की मुलांचे थवे धावताना दिसतात. ही मुले ऑलिंपिकसाठी धावत नाहीत, भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीला सोळाशे मीटर, सैन्य भरतीला तेवढेच अंतर आणि वर नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे. मुलींना पोलीस भरतीत आठशे मीटर. शिकवणीवाल्यांच्या अकॅडम्या गावोगाव निघाल्या आहेत, बाप त्यांची फी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढून भरतो, आणि त्या सर्व खटाटोपात सोळाशे मीटरच्या पुढे एक पाऊलही कोणी पाहत नाही. शिकविणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना फी मिळते ती भरतीची. पण भरती झाली की धावणे सुटते, आणि वय उलटून गेले तरीही सुटते. अशा रीतीने दरवर्षी या दोन तालुक्यांत किती पाय पारखले न जाता मावळतात याची गणती कोणी ठेवीत नाही. नऊ फुटांचा खड्डा सहज उल्लंघणारा मुलगा आपल्या बारा फुटांच्या पाण्यापुढे उभा केला तर काय करील, हे पाहण्याची जिज्ञासा असणारा मनुष्य त्या रस्त्यावर उभा असला पाहिजे. आपणही भरतीच्याच दाराने आत आलात. म्हणून ही मुले आपणांस परकी वाटणार नाहीत.

आणखी एक वर्ग आहे, तो तर शब्दशः आपलाच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, शहाजीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आष्टी, पाटोदा, शिरूर-कासार या आपल्या मुलखातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांची मुलेही येऊन आमच्या फडांच्या कडेला कोप्यांत राहतात. त्यांची शाळा इकडची ना तिकडची. साखरशाळांचे प्रयोग झाले, काही चांगलेही झाले. परंतु या मुलांना पटांगणावर नेऊन, अंगातील चापल्य पाहून, यांतला एखादा पुढे नेण्याजोगा आहे असे म्हणणारा कोणी त्यांना आजवर भेटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बागायतदारांच्या मुलांना धावण्याची आवश्यकता उरलेली नाही, हे आमच्या समृद्धीचे एक फळ आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; धावणारे पाय मुख्यतः आमच्या जिराईत पट्ट्यातून आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांतून येतील, हे मात्र स्वच्छ दिसते.

भूगोलाकडेही आपले लक्ष वेधतो. इंदापूरच्या उत्तरेस भीमा ओलांडून कर्जतमधून गेले की आष्टी लागते. दक्षिणेस नीरा ओलांडून फलटणवरून पुढे गेले की माण तालुका लागतो, आणि त्या तालुक्यातील मोही हे श्रीमती ललिता बाबर यांचे गाव. २०१५ साली आशियाई अजिंक्यपद, २०१६ साली रिओ येथे ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि त्यानंतर ऑलिंपिकची अंतिम फेरी, पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरील अंतिम फेरीत पोहोचलेली भारतीय स्त्री. भारतात या शर्यतीत आजवर जी नावे झाली त्यांत अग्रभागी असलेली ही दोन नावे आमच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या शिवेपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर उपजली, आणि मधल्या आम्हांला त्यांच्याकडून काही शिकून घेण्याची बुद्धी झाली नाही.

ललिताताई पुढे महसूल खात्यात अधिकारपदावर रुजू झाल्या. त्यांनी ते पद स्वकष्टाने मिळविलेल्या कीर्तीच्या बळावर स्वीकारले, आणि दुष्काळी खेड्यातील मुलगी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसलेली पाहण्यात जो आनंद आहे तो कमी लेखण्याचा करंटेपणा मी करणार नाही. राहुल आवारेही पोलीस खात्यात अधिकारी झाले. शासनाचे हे थेट नियुक्तीचे धोरण उपकारकच आहे. पदक मिळवूनही उपजीविकेसाठी दारोदार फिरणाऱ्या खेळाडूंच्या कहाण्या खाशाबा जाधवांपासून आपण ऐकत आलो आहोत. माझा आक्षेप धोरणाच्या अर्धवटपणाला आहे. ज्याला अडथळ्यावरील पाऊल कळते त्याच्यासमोर शासन फेरफाराच्या नोंदी आणि पंचनामे ठेवते, कारण शासनाच्या लेखी बहुमान म्हणजे अधिकार आणि अधिकार म्हणजे कचेरी. तेच वेतन, तीच श्रेणी, तेच निवृत्तिवेतन देऊन त्या माणसाला एखाद्या मैदानाचा कारभारी का नेमू नये, याचे उत्तर मला कोणत्याही परिपत्रकात आढळलेले नाही. याउलट, प्रत्यक्ष मैदानावर राबणारा प्रशिक्षक पुष्कळदा मानधनावर असतो, आणि अकरा महिने संपत आले की शिकविणे बाजूला ठेवून मुदतवाढीच्या कागदामागे फिरतो.

केनियाचे उदाहरण देणे आता सराईत झाले आहे, तरी एक बाजू दुर्लक्षित राहते म्हणून देतो. १९६८ ते २०१६ या काळात त्या देशाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. १९७६ आणि १९८० ची पदके गेली ती बहिष्कारामुळे. लोक याचे श्रेय उंचावरील विरळ हवेला देतात. हवा तर इथिओपियातही विरळ आहे. मला निर्णायक वाटते ते असे की, १९७२ साली म्युनिकला या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा किप केईनो धावणे संपल्यावर आपल्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला, आणि एल्डोरेटजवळ त्याने सरावाचे केंद्रही उभारले; आणि १९९५ साली झुरिचला आठ मिनिटांच्या आत ही शर्यत संपविणारा जगातील पहिला मनुष्य, मोझेस किप्तानुई, पुढे इझेकिएल केंबोईच्या मार्गदर्शकांत होता. किप्तानुईला स्वतःला ऑलिंपिकचे सुवर्ण मिळाले नव्हते. केंबोईला ते दोनदा मिळाले. आपणांस पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकराव्या क्रमांकावर थांबावे लागले याची ज्यांना चुटपुट आहे, त्यांच्यापैकी मी एक. तरी ही गोष्ट मी सांत्वन म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

बारामती धावण्याविषयी उदासीन आहे असे मात्र समजू नये. नऊवारी नेसून अनवाणी पायांनी येथील मॅरेथॉनमधील तीन किलोमीटरची ज्येष्ठांची शर्यत जिंकणाऱ्या लता करे यांचे नाव आपणही ऐकले असेल. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. पतीच्या औषधोपचाराच्या पैशासाठी साठीतल्या बाईला धावावे लागावे ही गोष्ट गौरवाची की लाजेची, याचा निकाल मी वाचकांवर सोपवितो. शर्यतीच्या दिवशी येथील रस्ते दुतर्फा भरून जातात, हे मात्र खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यांवर भरतीची पोरे एकटी धावत असतात.

आता आमच्या वाट्याचा भार. नियमाप्रमाणे पाण्याचा खड्डा बांधावयाचा, ठरल्या उंचीच्या तुळया सुताराकडून करून घ्यावयाच्या, आणि फेर आखण्याजोगी जागा एखाद्या शिक्षणसंस्थेकडून वापरास मागावयाची, एवढे काम लोकवर्गणीच्या आवाक्यातले आहे. प्रशिक्षकाच्या कायम पदाचे काम आवाक्याबाहेरचे. त्यासाठी दोन्ही तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींकडे आणि क्रीडा खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागेल, आणि तो केला जाईल. मंजुरी येईतो साखर कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे काही पैसे या कामी बाजूला काढावेत, असा ठराव वार्षिक सभांपुढे मांडण्याचे मी व माझे काही निवृत्त सहकारी यांनी ठरविले आहे. शाळा-महाविद्यालयांसाठी अशी कपात सभासदांनी पूर्वी सोसलेली आहे. या खेपेस विरोध होईल, कारण धावण्याने कोणाच्या उसाचा उतारा वाढत नाही, आणि सभेत हे वाक्य उच्चारणारा सभासद कोण असेल हेही मी आज सांगू शकतो.

आपणांकडून आज मागणे थोडे आहे. गुडघा बरा होईतो आपणांस सरावातून सवड मिळेल तेव्हा एकदा येऊन जावे. धावावयाचे नाही, भाषण करावयाचे नाही, हारतुरे आम्ही ठेवणार नाही. मुलांना एका जुन्या तुळईवरून जाऊ द्यावे आणि आपण कडेला खुर्ची टाकून नुसते पाहावे. यांत कोणी आहे की नाही, एवढे सांगावे. येणे गळिताच्या हंगामात घडले तर बरे, कारण आष्टी-पाटोद्याची मुले त्याच दिवसांत येथे असतात. हंगाम संपला की कोप्या मोडतात आणि टोळ्या गावी परततात. तारीख आठ दिवस आधी कळविली तरी पुरे. मुकादमांना सांगून मुलांना एक दिवस फडावरून मोकळे करून घेण्याची जबाबदारी माझी.



आपला,
इंदापूर तालुक्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक